डार्क साइड की विश यू वर हिअर?

गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवर परवा रात्री पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे दोन अल्बम लागोपाठ ऐकले: 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) आणि 'विश यू वर हिअर' (१९७५).

डार्क साइडचा एवढा बोलबाला रास्त आहे का? बराचसा आहे. ॲबी रोड स्टुडिओत ॲलन पार्सन्सनं केलेलं ध्वनिमुद्रण आजही लख्ख वाटतं. 'मनी' हे गाणं सात मात्रांत चालतं. रूपक ताल ऐकलेल्या कानाला ते अवघड जात नाही. गिटार सोलोला ते चार मात्रांवर उतरतं आणि गाणं एकदम सैल सुटतं. क्लेअर टॉरीनं शब्दांविना गायलेला भाग तर मला आलापच वाटतो. 'ऑन द रन' मात्र माझ्यासाठी नुसता यंत्रांचा खेळ.

विश यू वर हिअरला घाई नाही. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये पहिला शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. गिटारवादक गिलमोरचे ते चार स्वर आले, की अंगावर काटा येतो. ही रचना बँडपासून दुरावलेला जुना साथीदार सिड बॅरेट याच्यासाठी. तिचं काम चालू असताना तो स्वतः स्टुडिओत आला आणि जुन्या सोबत्यांना आधी ओळखूच आला नाही.

दादा म्हणतो, "अरे, डार्क साइडला तोड नाही." घडणीत नाहीच, दादा. पण मला पुन्हा ऐकावासा वाटतो तो दुसरा.