७०-३०० लेन्सवर अंगणातले पक्षी : आठ महिन्यांनंतर

कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची, २४ मेगापिक्सेल. ३०० मिमी पुरते का, हा नेहमीचा प्रश्न. पुरते, पण जवळ बसलात तर. १० सेंमीचा शिंजीर ५ मीटरवरून फ्रेमच्या रुंदीचा साधारण पाव भाग भरतो, १० मीटरवरून जेमतेम आठवा. ओळख पटवायला तेवढाही चालतो, पिसं सुटी दिसायला नाही.

३०० मिमीला एफ/५.६ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तर छिद्र लहान) चित्र जरा मऊ येतं, एफ/८ वर बरंच सुधारतं. मात्र कोवळ्या उजेडात एफ/८ धरला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दुप्पट होतो आणि कमावलेलं दाण्यांत जातं, तेव्हा ५.६ च बरा. ऑटो आयएसओची मर्यादा ३२००.

स्टॅबिलायझेशनवर फार विसंबू नका. ते तुमचा हात सावरतं, पक्ष्याला नाही. शिंपी पक्षी १/२५० सेकंद शटरला छोट्या स्क्रीनवर झकास दिसतो, मोठा करून पाहिला की डोळा फरफटलेला. बसलेल्याला १/१०००, उडत्याला १/२००० च्या पुढे.

पानांच्या गर्दीत वाइड एरिया फोकस हमखास पुढची काडी पकडतो. एकच पॉइंट ठेवा, तोही डोळ्यावर. अंधुक उजेडात लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते; तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या फांदीवर आधी फोकस करून मग पक्ष्याकडे वळलं की पटकन लागतो. आणि स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून टाका, मऊपणाच्या निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. खिडकीतून टिपताना हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) काचेला सरळ टेकवा. तिरक्या काचेतून कडा दुहेरी येतात.

कोतवाल आभाळासमोर बसला तर एक्सपोजर +१ (एक पायरी उजळ), नाहीतर नुसती सावली उरते. दयाळ नर काळोख्या झाडीत असेल तर उलट, −०.७; त्याच्या पंखावरची पांढरी पट्टी आधी जळते.

ओळखीसाठी देखणी पोझ कामाची नाही. गळा आणि शेपटीखालचा भाग टिपा. शिंजिराच्या मादीचा गळा पांढुरका आणि छाती पिवळी असेल तर ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची; गळ्यापासूनच पिवळट असेल तर जांभळ्या शिंजिराची. हा फरक जेपेगमध्ये हमखास फसवतो, कारण पानांखालचा हिरवट उजेड पांढऱ्या गळ्यालाही पिवळट करतो. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा तोल) नंतर दुरुस्त होतो. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावर लाल ठिपका नसतो, तिथे टोकदार तुरा पाहा. दयाळाची मादी की चिरकाची, याचा निकाल पंखावर लागतो: लांब पांढरी पट्टी असली तर दयाळ. चिरकाच्या मादीला ती नसते, शेपटीखाली तांबूस असतं.