अ‍ॅम्बेसेडरच्या प्लग वायरी : सांगलीतील एका गॅरेजचा अनुभव
जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या प्लग वायरी (ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगांना वीज नेणाऱ्या तारा) नव्याने बसवून घ्यायच्या असतील, तर सांगली-मिरज रस्त्यावरील हे छोटे गॅरेज निःसंकोच सुचवावेसे वाटते. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२ असून डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागाचा) रोटर, म्हणजे आतला फिरता तुकडा, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या (आतले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाण्याच्या टप्प्याच्या) शेवटी आणून, रोटर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावरील ज्या टोकासमोर थांबतो तेथून त्याच दिशेने वायरींचा क्रम लावावा लागतो, आणि मिस्त्रींनी नेमके तेच केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तीन व चार क्रमांकांच्या वायरी त्यांनी एका जुडीत बांधल्या नाहीत. हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ फायर होतात. तिसऱ्याच्या वेळी चौथा कॉम्प्रेशनवर असतो आणि वायरी लगटून समांतर गेल्यास त्याच्या प्लगवर अवेळी ठिणगी पडू शकते. सुबक जुडी डोळ्यांना आवडते, इंजिनाला मानवत नाही. पहिली वायर पंख्यापासून दूर राहावी म्हणून क्लिप लावली. पावसाळी दमटपणात चिरलेल्या रबरी टोप्यांतून करंट गळतो, म्हणून त्याही बदलल्या. मजुरी वाजवी आहे. कार्बन कोअरच्या (आत कार्बनचा गाभा असलेल्या) वायरी मात्र आगाऊ सांगून मागवाव्या लागतात.