कोल्हापुरी चप्पल की पांढरे स्नीकर?
बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, चामड्याच्याच वादीने शिवलेली आणि २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल सुती कुर्ता किंवा लिननचा शर्ट आणि घोट्यापाशी संपणारी पँट यांवर जितकी खुलते, तितके दुसरे पादत्राण क्वचितच खुलते. मात्र नवी असताना ती अंगठ्यापाशी चावते, तिला अधूनमधून तेल पाजावे लागते आणि पावसात भिजली की तिचे चामडे फुगते. पांढरे स्नीकर जीन्सवर निर्धोकपणे शोभतात व लोकलच्या गर्दीत बोटे चिरडण्यापासून वाचवतात. त्यांचा पांढरेपणा मुंबईच्या रस्त्यांवर किती दिवस टिकतो, हा भाग वेगळा. रोज बरेच चालणाऱ्याने स्नीकर घ्यावेत. माझी पसंती, पावसाळ्याचे चार महिने वगळता, करकरणाऱ्या कोल्हापुरीलाच आहे.