तीस खेळांची पेटी आणि त्यात नसलेला ‘कॉन्ट्रा’

निन्टेन्डो कंपनीने नोव्हेंबर 2016 मध्ये काढलेले ‘एनईएस क्लासिक एडिशन’ हे तळहातावर मावणारे यंत्र खेळणे म्हणून विकले गेले असले, तरी त्याचे परीक्षण इतिहासाचे साधन म्हणून करणेच मला अधिक योग्य वाटते. कंपनीच्या पहिल्या मोठ्या घरगुती यंत्रावरचे तीस खेळ त्यात कायमचे भरून दिलेले आहेत. वेगळी कॅसेट लावण्याची किंवा नवा खेळ उतरवून घेण्याची सोय नसल्यामुळे कंपनीने केलेली निवड हीच अंतिम ठरते. खेळ मूळ रूपात दाखवण्याचे काम या यंत्राने अतिशय प्रामाणिकपणे केले आहे. खेळांची निवड मात्र अमेरिकी ग्राहकाच्या आठवणी समोर ठेवून झालेली आहे, आणि 1990 च्या दशकात महाराष्ट्रात ‘टीव्ही गेम’ खेळत मोठ्या झालेल्या माणसाला त्यात ओळखीचे चेहरे कमीच भेटतील.

मूळ यंत्र ‘फॅमिकॉम’ या नावाने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये 14,800 येनांना विक्रीस आले. मासायुकी उएमुरा यांनी आखलेल्या या यंत्रात प्रोसेसरसाठी अवघी 2 किलोबाइट स्मृती होती. त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरल्या होत्या. व्हिडिओ गेम या शब्दालाच दुकानदार बिचकत असल्यामुळे निन्टेन्डोने 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे यंत्र ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टीम’ म्हणजेच एनईएस या नावाने आणताना त्याला व्हीसीआरसारखे राखाडी रूप दिले, समोरून झाकण उघडून कॅसेट आत सरकवण्याची रचना केली आणि सोबत एक यंत्रमानवही विकायला ठेवला. छोट्या आवृत्तीत हेच राखाडी रूप हुबेहूब उतरवले आहे, फक्त समोरचे झाकण दिखाऊ आहे आणि ते उघडत नाही.

या पेटीचे खरे मोल कळते ते खेळ प्रकाशनाच्या क्रमाने खेळल्यावर. 1983 चा ‘डाँकी काँग’ 24 किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आणि आर्केडमधल्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मूळ यंत्रावरच्या, चार टप्प्यांपैकी एक टप्पा त्यात गाळलेला आहे. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 40 किलोबाइटचा आहे. त्यातले ढग आणि झुडपे ही एकच आकृती रंग बदलून वापरलेली आहे, हे एकदा लक्षात आले की जागेची काटकसर किती बारकाईने केली होती याचा अंदाज येतो. या खेळात पडदा फक्त उजवीकडे सरकतो आणि मागे राहिलेल्या जागी परतता येत नाही. 1988 च्या तिसऱ्या मारिओत मात्र मागे फिरता येते, उडून वर जाता येते, आणि खेळाचा आकार 384 किलोबाइटवर पोहोचलेला असतो. 1993 चा ‘कर्बीज ॲडव्हेंचर’ तर 768 किलोबाइटचा आहे. दहा वर्षांत यंत्र तेच राहिले. कॅसेटमध्ये जादा चिप बसवून खेळ रचणाऱ्यांनी त्याची क्षमता वाढवत नेली. हा प्रवास लेख वाचून समजतो, पण ‘डाँकी काँग’ संपवून लगेच ‘कर्बी’ सुरू केल्यावर जसा पटतो तसा वाचून पटत नाही.

जुन्या यंत्राच्या मर्यादाही झाकलेल्या नाहीत, हे मला विशेष आवडले. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त हलत्या आकृती दाखवणे मूळ यंत्राला जमत नसे, त्यामुळे गर्दी झाली की आकृती लुकलुकत. ‘मेगा मॅन 2’ मध्ये ते लुकलुकणे आजही दिसते. चित्रासाठी तीन पर्याय दिलेले आहेत. पहिल्यात प्रत्येक ठिपका काटेकोर चौकोनी दिसतो, पण मारिओ थोडा सडपातळ वाटतो. दुसऱ्यात जुन्या टीव्हीचे 4:3 प्रमाण मिळते. तिसऱ्यात जुन्या काचेच्या टीव्हीचा धूसरपणा आणि रेषा आणलेल्या आहेत, आणि तो पर्याय मला तरी नकली वाटला. मी खेळतो तो दुसऱ्यावर.

आपल्याकडच्या खेळाडूला एक गोष्ट सुरुवातीला खटकेल. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणारा होता, आणि त्या पद्धतीसाठी बनवलेल्या यंत्रांवर 60 च्या हिशोबाने लिहिलेले खेळ सुमारे एक षष्ठांशाने संथ चालत. या पेटीत सगळे खेळ मूळ 60 च्या वेगाने चालतात. त्यामुळे मारिओ आठवणीपेक्षा घाईत वाटतो आणि हाताला लागलेली उडीची सवय पहिल्या खड्ड्यातच दगा देते. वेग इथलाच मूळचा आहे. आपण खेळलो ती संथ आवृत्ती होती.

आता निवडीविषयी. आपल्या घरांत आलेली यंत्रे बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या, हजारो खेळांचा दावा करणाऱ्या कॅसेटींत प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून भरलेले असत. त्यांतला रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’, सिंहावर बसून कड्यांतून उडी मारायचा ‘सर्कस चार्ली’ आणि गाड्यांचा ‘रोड फायटर’ हे खेळ अमेरिकेतल्या एनईएसवर अधिकृतपणे आलेच नव्हते, त्यामुळे ते या यादीत असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टीव्हीवर बंदूक रोखून बदके टिपायचा ‘डक हंट’ नसण्याचे कारण तांत्रिक आहे: चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला संवेदक तो टिपतो, सपाट टीव्ही चित्र दाखवण्यात जो किंचित विलंब करतो, तेवढ्याने हे गणित फसते. गोळीबाराचा ‘कॉन्ट्रा’ नसण्याला मात्र असले कोणतेही कारण नाही. त्याऐवजी त्याचा पुढचा भाग ‘सुपर सी’ दिलेला आहे. तो उत्तम असला, तरी ठरावीक क्रमाने बटणे दाबून ‘कॉन्ट्रा’त तीस जीव मिळवून देणारी ती प्रसिद्ध मालिका तिथे चालत नाही. ज्यांच्या बोटांत ती अजून भिनलेली आहे त्यांनी या पेटीतला अवकाशयानाचा ‘ग्रेडियस’ सुरू करावा, खेळ थांबवावा आणि ती मालिका दाबावी, कारण तिचा जन्मच त्या खेळात झाला होता.

वापरातली सर्वांत मोठी अडचण वायरची आहे. नियंत्रकाची वायर जेमतेम 75 सेंटीमीटर असल्यामुळे यंत्र टीव्हीजवळ ठेवले तर खेळणाऱ्याला जमिनीवर टीव्हीला खेटून बसावे लागते. पुढच्या वर्षी आलेल्या सुपर निन्टेन्डोच्या छोट्या आवृत्तीत वायर जवळपास दुप्पट लांब केली गेली, यावरून कंपनीलाही ही चूक पटली असावी. दुसरा खेळ निवडायचा तर दर वेळी यंत्रावरचे रिसेट बटण दाबावे लागते, तेही उठूनच. प्रत्येक खेळासाठी चार ठिकाणी प्रगती जतन करता येते, आणि ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’सारख्या निर्दय खेळात ही सोय नसती तर मी दुसरा टप्पा पाहिला नसता.

अमेरिकेत 60 डॉलरच्या आत मिळणाऱ्या या यंत्राचे उत्पादन एप्रिल 2017 मध्ये थांबवले गेले, जून 2018 मध्ये ते पुन्हा विक्रीस आले, आणि आता ते फक्त जुन्या वस्तूंच्या बाजारातच सापडते. फार चढ्या भावाने घेण्याइतके ते अनिवार्य नाही. मूळ किमतीच्या आसपास मिळाले तर जरूर घ्यावे. खरेदी करताना मागची बाजू पाहावी. तिथे एचडीएमआयऐवजी पिवळ्या-पांढऱ्या पिना लावण्याची भोके असतील आणि खोक्यावर शेकडो खेळांचा दावा असेल, तर ती नक्कल समजावी.