जाळीआडून बेसबॉल टिपताना: ७०-२०० मिमी, एफ/२.८ लेन्स

मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेच्या मैदानांवर संरक्षक जाळी आता होम प्लेटच्या (बॅटर, म्हणजे फलंदाज, जिथे उभा राहतो त्या जागेच्या) मागेच थांबत नाही. २०१८ च्या हंगामाच्या आरंभापर्यंत तीसही संघांनी ती डगआउटच्या (मैदानालगत खेळाडू बसतात त्या जागेच्या) पलीकडच्या टोकापर्यंत नेली. त्यामुळे खेळ जवळून दिसणाऱ्या जागेचे तिकीट काढले, की छायाचित्रे जाळीतूनच काढावी लागतात. त्याच कामासाठी सेकंडहँड घेतलेली ही झूम लेन्स मी एक अख्खा हंगाम वापरली, आणि माझे मत असे की ती २०० मिमीला पैसे वसूल करते, पण ७० मिमीला या कामापुरती निरुपयोगी ठरते.

याचे कारण असे, की जाळी पुसली जाणे हे निव्वळ एफच्या आकड्यावर (लेन्सची नाभीय लांबी भागिले छिद्राचा व्यास) नव्हे, तर लेन्सच्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असते. २०० मिमीला एफ/२.८ म्हणजे सुमारे ७१ मिमीचे छिद्र. जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा दोरा त्यातला किरकोळ प्रकाश अडवतो, आणि जाळीला शक्य तितके लगटून बसले तर पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) बोटांतली चेंडूची शिवणसुद्धा स्वच्छ येते. ७० मिमीला तोच व्यास २५ मिमीवर येतो, म्हणजे २०० मिमीला एफ/८ लावल्यासारखेच, आणि प्रत्येक दोरा करड्या पट्ट्याच्या रूपाने परत येतो. सगळे इनफील्ड (चार बेसच्या मधला आतला भाग) एका चौकटीत घेण्याच्या हौसेपायी पहिल्या सामन्यात काढलेली माझी साठेक छायाचित्रे चौकटीच्या वहीवर छापल्यासारखी दिसतात.

फोकसबाबत मात्र लेन्सची थोडी तक्रार आहे. तिच्यावरचा मर्यादेचा खटका अडीच मीटरच्या आतले सारे वगळतो, पण तो पहिल्या रांगेतच कामाचा. आठव्या रांगेतून जाळी त्या मर्यादेच्या पुढे जाते आणि ऑटोफोकस तिच्यावरच जाऊन बसतो. पिचर आणि बॅटर आपापल्या ठरलेल्या जागी, एकमेकांपासून १८.४४ मीटरवर उभे असल्यामुळे फोकस आधीच बांधून ठेवता येतो, परंतु दुसऱ्या बेसवर झेपावणाऱ्या धावपटूला तो नियम लागू नाही, आणि तिथे माझी दोन चांगली छायाचित्रे हुकली.

जाळीवर थेट ऊन पडले असेल तर सारे चित्र दुधाळ होते. तिथे कुठल्याही लेन्सचा इलाज चालत नाही, सावलीतल्या जाळीमागची जागा शोधावी हे बरे. वजन सुमारे दीड किलो असल्याने सातव्या डावाच्या विश्रांतीपर्यंत मनगट बोलू लागते. लेन्सच्या लांबीविषयी प्रत्येक मैदानाचे नियम वेगळे असतात, तेही तिकिटाआधीच पाहावेत.

पुढच्या हंगामासाठी ती ठेवतो आहे, फक्त झूमची रिंग २०० वर चिकटपट्टीने बांधून.