कोरियन जोडीदाराच्या व्हिसासाठी घेतलेली सल्लागार सेवा : सोलमधील माझा अनुभव

माझा नवरा कोरियन आहे आणि आम्ही सोलमध्ये राहतो. कोरियन भाषा शिकण्यासाठी मिळालेल्या व्हिसावरून एफ-६, म्हणजे लग्न करून कोरियात स्थायिक होणाऱ्यांच्या व्हिसावर जाण्यासाठी आम्ही २०२५च्या उन्हाळ्यात तिथल्याच एका सल्लागार कार्यालयाची मदत घेतली. लोकांच्या वतीने सरकारी कागदपत्रे तयार करून सादर करणाऱ्या अशा परवानाधारकांना कोरियात ‘हेंगजॉन्गसा’ म्हणतात. लग्नाची नोंदणी आणि व्हिसा या दोन्ही कामांची मिळून नऊ लाख वॉन फी ठरली होती आणि त्यातली निम्मी आगाऊ द्यावी लागली. व्हिसाच्या कामासाठी ती फी वाजवी होती, असे मी मनापासून म्हणेन. लग्नाच्या नोंदणीसाठी मात्र कोणीही त्यांना एक वॉनही देऊ नये.

ही दोन कामे वेगळी आहेत, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कोरियन कायद्याने लग्न लागते ते विवाहनोंदणीने. हॉलमध्ये कितीही थाटात समारंभ झाला, तरी प्रभागाच्या कार्यालयात अर्ज दाखल होईपर्यंत कायद्याच्या लेखी तुम्ही अविवाहितच असता. अर्ज साधा असतो आणि त्यावर दोन प्रौढ साक्षीदारांची सही किंवा शिक्का लागतो. परदेशी व्यक्तीला आपल्या देशाच्या कायद्याने लग्नाला अडथळा नसल्याचा पुरावा आणि त्याचे कोरियन भाषांतर जोडावे लागते. लग्न नोंदले गेले म्हणून व्हिसा मिळेलच असे नाही, कारण त्याचा निर्णय न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील इमिग्रेशन कार्यालय स्वतंत्रपणे घेते.

नोंदणीच्या कामात या सल्लागारांनी आम्हाला चांगलेच अडचणीत आणले. त्यांच्या छापील यादीत ‘नोटरीसमोर केलेले अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र’ एवढेच लिहिले होते. मी ते भारतातून मागवले, भाषांतर करून घेतले आणि आम्ही रजा काढून प्रभागाच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि शांतपणे विचारले, “यावर अपोस्टिल कुठे आहे?” अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरे असल्याची परदेशातही चालणारी सरकारी पुष्टी. भारत २००५ पासून आणि दक्षिण कोरिया २००७ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे भारतात नोटरी केलेला कागद परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलशिवाय तिथे दाखवणे व्यर्थच होते. ही गोष्ट परवानाधारक माणसाला ठाऊक असायलाच हवी होती. कागद परत भारतात पाठवून, माझ्या भावाला दोन कार्यालयांत खेटे घालायला लावून तो पुन्हा हातात पडेपर्यंत महिना गेला. भाषांतराचे पैसे सल्लागारांनी दुसऱ्यांदा घेतले, कारण अपोस्टिलच्या पानाचेही भाषांतर लागते. ती मागणी मला अजूनही अन्यायाची वाटते.

त्याच यादीत माझ्या नवऱ्याने आंतरराष्ट्रीय विवाहाचा मार्गदर्शन वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्रही मागितले होते. हा वर्ग चीन, व्हिएतनाम, फिलिपिन्स, कंबोडिया, मंगोलिया, उझबेकिस्तान आणि थायलंड या सात देशांच्या नागरिकांशी लग्न करणाऱ्या कोरियनांना सक्तीचा असतो. भारत त्या यादीत नाही. यादी दुसऱ्याच कोणासाठी तयार केलेली होती आणि आमच्या हाती देण्यापूर्वी ती कोणी वाचलीही नव्हती, हे त्यावरून उघड झाले.

व्हिसाच्या अर्जाला सुरुवात झाल्यावर मात्र त्याच सल्लागार कार्यालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी काम हाती घेतले आणि तिथून चित्र पालटले. २०१४ पासून एफ-६साठी बोलावणाऱ्या कोरियन जोडीदाराच्या उत्पन्नाची आणि परदेशी जोडीदाराच्या प्राथमिक कोरियन भाषाज्ञानाची अट आहे. भाषेचा प्रश्न माझ्या टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राने सुटला. ते दोनच वर्षे ग्राह्य असते, तेव्हा परीक्षा देण्याची घाई करणाऱ्यांनी तारखेकडे लक्ष ठेवावे. किमान वार्षिक उत्पन्नाची रक्कम कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार दर वर्षी जाहीर होते, आणि २०२५ साठी दोघांच्या कुटुंबाला ती २ कोटी ३५ लाख ९५ हजार ९४८ वॉन होती. नवऱ्याचे आदल्या वर्षीचे करपात्र उत्पन्न २ कोटी ८० लाख वॉन असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

बाईंनी त्याचा रहिवासी नोंदणीचा उतारा मागवून घेतला आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. त्या ओळीत माझ्या सासूबाईंचे नाव होते. एकाच नोंदणीत असलेले आईवडील कुटुंबात धरले जातात, म्हणून आमचे कुटुंब तिघांचे ठरत होते आणि तिघांसाठीची रक्कम होती ३ कोटी १ लाख ५२ हजार ११८ वॉन. आम्ही तसाच अर्ज केला असता, तर तो नामंजूर होण्याची दाट शक्यता होती. त्यावरचा उपायही त्यांनीच सांगितला. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ नावावर असलेल्या मालमत्तेच्या पाच टक्के रक्कम उत्पन्नात मिळवता येते. नवऱ्याच्या ६ कोटी वॉनच्या बँकठेवीचे ३० लाख वॉन त्यात धरले आणि बेरीज अटीच्या वर गेली. जोडप्याला मूल असेल तर उत्पन्नाची अट लागू होत नाही, हेही त्यांनी इतरांना सांगण्यासाठी म्हणून मला सांगितले.

त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे विवाहाच्या पार्श्वभूमीचे निवेदन. ओळख कोणी करून दिली, कधी आणि कुठे झाली, घरच्यांची भेट झाली का, दोघे कोणत्या भाषेत बोलता, असे सगळे त्यात लिहायचे असते. बनावट लग्ने ओळखण्यासाठी अधिकारी हाच कागद बारकाईने वाचतात. बाईंनी आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले आणि आमच्या उत्तरांतले फरक समोर मांडले. पहिल्या भेटीची तारीख आम्ही दोघांनी वेगवेगळी सांगितली होती. जुने संदेश उघडून खरी तारीख सापडेपर्यंत त्यांनी एक अक्षर लिहू दिले नाही. मग त्यांनी मला विचारले, “सासूबाई आजारी पडल्या आणि नवरा घरी नसेल, तर डॉक्टरांशी तुम्ही काय बोलाल?” मी माझ्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितले आणि त्यांनी तेच उत्तर, व्याकरणाच्या चुका काढूनही माझेच वाटेल असे, निवेदनात घातले. कोणतीही गोष्ट रंगवून लिहायची नाही, हा त्यांचा आग्रह मला फार आवडला.

व्हिसा मिळाल्यानंतर मात्र सेवा तिथेच संपली. एफ-६वर नोकरीच्या प्रकारावर बंधन नसते, हे मला १३४५ या सरकारी मदत क्रमांकावर फोन केल्यावर नीट समजले. तिथे इंग्रजीतही बोलता येते. नागरिकत्वाबद्दल विचारले तेव्हा ‘लग्नानंतर दोन वर्षे कोरियात राहिलात की अर्ज करता येतो, आधीचे नागरिकत्वही राखता येते’ असे उत्तर कार्यालयातून मिळाले. ते कोरियाच्या बाजूने बरोबर आहे. पण भारतीय कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते, याची त्यांना कल्पनाच नव्हती. आपल्याकडच्या माणसाने हा सल्ला तसाच्या तसा स्वीकारू नये.

उत्पन्न अटीच्या काठावर असेल, घरात सासूसासरे राहत असतील किंवा दोघांची ओळख अलीकडची असेल, तर व्हिसापुरते असे कार्यालय जरूर गाठावे. मात्र यादी कोणत्या देशाच्या अर्जदारासाठी आहे, निवेदन कोण लिहिणार आणि भाषांतराची फी त्यात धरली आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून लेखी घ्यावे. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी मी हायकोरिया या इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावरून वेळ ठरवून स्वतःच जाणार आहे.