अपील दाखलच नव्हतं, आणि मी सतरा तारखांचे पैसे भरले

बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर घरी जाता येत नसे. त्याच मी वकिलाच्या हातात ४९,१४० रुपये रोख ठेवले, बिनपावतीचे. लाज वाटते, पण लिहितो.

वाद सहा गुंठ्यांचा. मार्च २०२२ मध्ये खालच्या कोर्टाचा निकाल विरोधात गेला. जिल्हा कोर्टात अपिलाला मुदत ३० दिवस. वकील घरोब्यातले, आमचे दोघांचे वडील एका वर्गात होते. दावाही सात वर्षं त्यांनीच चालवलेला. संशय घ्यायचा तरी कशावरून? फी ३५,०००, स्टँप ८,६४०, नकला-टायपिंग ३,५००, 'आतल्या माणसाला' २,००० (हो, दिले). पुढे दर तारखेला ५०० गूगल पेवर. "साहेब रजेवर आहेत, काका." "समोरच्यांनी मुदत मागितली, काका." सतरा वेळा. म्हणजे आणखी ८,५००.

एकदा, दिवाळीच्या तोंडावर, मी अपिलाचा नंबर मागितला होता. टेबलावर पडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी तो लिहून दिला. रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर), मग आकडा, मग २०१५. अहो, तो तर जुन्या दाव्याचा नंबर! मला तोंडपाठ होता. २०२२ च्या अपिलावर २०१५ साल येईल कसं? मी तसं विचारलंही. "तोच पुढे चालतो, काका," म्हणाले आणि चहा मागवला. मी तो चहा प्यायलो. खोटी नोट बोटांना कळायची माझ्या, आणि ती पत्रिका मी नीट घडी घालून खिशात ठेवली. अजून आहे.

नंबर मिळाला की त्याच दिवशी ई-कोर्ट्स ॲपवर टाकून बघा. पक्षकाराच्या नावानेही केस सापडते, आणि फुकट.

ऑगस्ट २०२४ मध्ये ताब्याचं वॉरंट घेऊन बेलिफ दारात आला. जिल्हा कोर्टात चौकशी केली, तर आमच्या नावाचं अपीलच नाही.

वकिलाकडे फाइल मागायला गेलो तर म्हणे बाकीचे २०,००० आधी द्या. कसली बाकी? फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुम्ही ठाऊक ठेवा.

पोलिस म्हणाले, दिवाणी मामला आहे. ग्राहक आयोगात जावं, तर मे २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टाने वकिलांना ग्राहक कायद्यातून बाहेर काढलेलं. उरलं कलम ३५, ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१, राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्याच संस्थेकडे, तक्रार. तिथली शिस्तपालन समिती तीन जणांची, तिघंही वकील! चोराची चौकशी त्याच्याच भावकीने करायची. वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे. निवृत्त माणसाने आता दिल्लीच्या वाऱ्या करायच्या. आणि शेवटी शिक्षा काय? समज, काही काळ सनद निलंबित, फार तर वकिलांच्या यादीतून नाव कमी. माझे ५७,६४० त्यात कुठेच नाहीत.

तक्रारीला पुरावा लागतो. रोख दिलेल्या ४९,१४० चा एक चिटोरा नाही. ज्या पाचशे-पाचशेंवरून बायको रोज बोलायची, तेवढेच फोनमध्ये दिसतात. रोख देऊच नका, सख्खा भाऊ वकील असला तरी.

नवीन वकिलीणबाईंनी, उशिरा का होईना अपील घ्यावं म्हणून, विलंब माफीचा अर्ज टाकलाय. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असा १९८१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्या दाखवणार आहेत. समोरचा वकील म्हणतो, शिकलेला माणूस अडीच वर्षं झोपला होता का? या प्रश्नाचं उत्तर मला प्रतिज्ञापत्रात लिहायचंय. लग्नपत्रिकेबद्दल बाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "ती आणू नका."